एका आंब्याने काय बिघडतं?



मे महिना लागला की मुंबईच्या विमानतळावर एक दृश्य हमखास दिसतं. आखाताकडे निघालेल्या माणसांच्या ढकलगाड्यांवर बॅगांच्या जोडीला आंब्याच्या पेट्या असतात. पेटीला सुतळी, सुतळीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत नाव आणि दुबईचा नाहीतर दोह्याचा फोन नंबर. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांचं निम्मं बिऱ्हाड इथे आणि निम्मं तिकडे, त्यामुळे या पेट्यांवरची आडनावं वाचत उभं राहिलं तरी दापोली, मंडणगड, श्रीवर्धनची खानेसुमारी होऊन जाते.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे जाणाऱ्यांच्या गाडीवर मात्र पेटी नसते. असलीच तर उतरल्यावर राहत नाही. तिथे पाऊल ठेवताना एक प्रश्न विचारला जातो : तुमच्याजवळ फळं, भाज्या, बिया, रोपं, माती आहे का? हा प्रश्न फक्त गोऱ्या लोकांच्या देशात विचारतात असं समजू नका. आपल्या कस्टमच्या जाहीरपत्रातही बिया, रोपं, फळं, फुलं आणि लावणीचं सामान असा एक रकाना आहे. परवान्याशिवाय बी, रोप किंवा कलम भारतात आणता येत नाही. मातीही आणता येत नाही.

या रकान्याची टिंगल सगळेच करतात. सोनं विचारा, दारू विचारा, बंदूक विचारा, आंबा कसला विचारता? एका आंब्याने काय बिघडतं?

आज मला हा प्रश्न थट्टेवारी न नेता खरोखरीचा प्रश्न म्हणून घ्यायचा आहे. मी कवी माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि तीस वर्षं एका सहकारी बँकेत आकडे मांडले. शेतकीतला मी नव्हे. पण या रकान्याशी आमच्या घराची तीन पिढ्यांची गाठ पडली, म्हणून मी त्याच्या मागे लागलो, वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो.

आधी तो एक आंबाच हातात घेऊ. वरून पिवळाधमक, डाग नाही, डेठाशी घमघमाट. त्याच्या आत दोन पाहुणे असू शकतात. पहिली फळमाशी. पिकायला आलेल्या फळाच्या सालीला ती बारीक टोचा मारते आणि आत अंडी घालते. बाहेरून सुई टोचल्यासारखी खूण दिसली तर दिसली. दोन-चार दिवसांत आतला गर मऊ पडतो, अळ्या वळवळू लागतात. मे अखेरचा आंबा चिरताना बायका सुरी आधी हळूच घालून बघतात, ती यासाठीच. अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडते, मातीत शिरते आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येते. एक मादी जन्मात शेकड्यांनी अंडी घालते. आमच्याकडे बागांमधून जे प्लॅस्टिकचे डबे टांगलेले दिसतात, ते याच माशीसाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'रक्षक' सापळा तो. आतला लाकडाचा ठोकळा एका वासाच्या औषधात भिजवलेला असतो, नर माश्या त्या वासाला भुलून येतात आणि आत मरतात. ही माशी केवळ आंब्यावर थांबत नाही. पेरू, चिकू, केळी, पपई, जे मिळेल ते तिला चालतं.

दुसरा पाहुणा याहून सभ्य. कोयीतला भुंगा. आंबा बोराएवढा-लिंबाएवढा असताना मादी सालीवर अंडं घालते, अळी गरातून वाट काढत कोयीत जाते आणि मागची जखम फळ मोठं होता होता भरून येते. गर गोड, साल निर्मळ, खाणाऱ्याला पत्ताच नाही. कोय फोडली तरच आत भुंगा. म्हणजे आपण आंबा खाऊन, वा वा म्हणून, कोय परसात भिरकावतो तेव्हा त्या भुंग्याला नव्या मुलुखात उतरवून देतो. विमानतळावरच्या माणसाला चेहरा बघून कळावं असं त्या आंब्यात काहीच नसतं. म्हणून तो चांगला आंबा, वाईट आंबा असा निवाडा करत बसत नाही, सगळेच ठेवून घेतो. अन्याय वाटतो खरा. पण दुसरा उपाय काय?

आता नवीन मुलुखात उतरल्यावर काय होतं ते पाहू. याचं उदाहरण मी आफ्रिकेतलं देतो, कारण तिथे आमचं गोत आहे. मोंबासाला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. २००३ साली केनियाच्या किनारपट्टीवर एक अनोळखी फळमाशी सापडली. अभ्यासकांचा रोख श्रीलंकेकडे होता. २००५ मध्ये तिला नवी जात म्हणून नावही दिलं, आणि नावात 'आक्रमक' असा अर्थ घातला. पुढे दहा वर्षं घासाघीस झाली आणि अखेर ठरलं की ही नवी वगैरे काही नाही, आपल्याकडची जी आंब्यावरची माशी तीच ही. तोवर ती कितीतरी देशांत पसरली होती. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर टोकापर्यंत २०१० मध्ये पोचली. केनियाने २०१४ मध्ये युरोपला आंबा पाठवणं स्वतःहून थांबवलं, कारण माल परत येण्याची नामुष्की नको होती. २०२१ मध्ये ती वाट पुन्हा उघडली. सात वर्षं. मोंबासाच्या बाजूला चार-सहा झाडं असलेल्या माणसाने त्या सात वर्षांत काय केलं असेल? माशी कोणाच्या सामानातून गेली ते कुणालाच सांगता येणार नाही. व्यापाऱ्याच्या खोक्यातून गेली असेल, एखाद्या पिशवीतून गेली असेल.

ही भीती जुनी आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या वेलींबरोबर मुळं खाणारा एक बारीक किडा फ्रान्समध्ये उतरला आणि त्याने तिथले द्राक्षमळे बसवले. अखेर अमेरिकेच्याच जंगली वेलींच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाची कलमं बांधून मळे पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा बागाईतदार 'डॉगरिज' खुंट लावतो, तोही अमेरिकी वेलीचाच. आपलं कारण वेगळं, खारं पाणी आणि पाण्याचा ताण. पण युक्ती तीच. त्या किड्यापायी १८८१ मध्ये युरोपातल्या राष्ट्रांनी बर्नला करार केला, आणि पिकांच्या रोगराईसाठी राष्ट्रांनी एकत्र बसायची रीत पडली. १९५१ मध्ये रोमला जागतिक करार झाला. आपल्याकडचा कायदा त्याही आधीचा, १९१४चा, इंग्रजांनी केलेला. त्याखाली निघालेला २००३चा आदेश आज चालतो.

कायदा होता तरी पाहुणे आलेच. गाजर गवत घ्या. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास ते पहिल्यांदा नजरेत भरलं. परदेशी धान्यातून आलं असं मानतात. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, त्या राजकारणात मी पडत नाही. आज महाराष्ट्रातलं एक गाव दाखवा, जिथे ते नाही. अंगाला खाज, दमा, चराऊ रानं गेली. मग त्याच्यावर उतारा म्हणून १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून त्याचा शत्रू आणला, पट्ट्यापट्ट्यांचा लहान भुंगा. तोही परदेशीच, पण रीतसर परवाना काढून, तपासून सवरून आणलेला. पपईवरच्या पिठ्या ढेकणाची कथाही अशीच. २००८ मध्ये तो कोइमतूरकडे दिसला आणि बघता बघता आपल्या पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेली एक इवलीशी गांधीलमाशी सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. सांगायचा मुद्दा, दार बंद ठेवणं एवढंच या खात्याचं काम नाही. कुणाला, कधी, कशासाठी आत घ्यायचं हेही तेच ठरवतं.

आणि सीमा फक्त देशांच्याच असतात असंही नाही. दार्जिलिंगच्या बटाट्याला डोंगर उतरायला बंदी घातली गेली, कारण तिथल्या जमिनीत बटाट्याला चामखिळीसारख्या गाठी आणणारा रोग आहे. निलगिरीच्या बियाण्याच्या बटाट्यावर तिथल्या सूत्रकृमीमुळे असंच बंधन आलं. कॅलिफोर्नियात शेजारच्या राज्यातून मोटारीने शिरलं तरी नाक्यावर गाडी थांबवून विचारतात, फळं आहेत का? आपल्याकडे जकात नाक्यावर जे विचारायचे ते वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, कवी महाराज, एवढे नियम आधीपासून असते तर आपण जेवलो काय असतो? बरोबर आहे, आणि हा मुद्दा मला फार आवडतो. आमच्या शेजारच्या काकू एकादशीला जी खिचडी करतात, तिच्यातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची यांतलं एकही मूळचं इथलं नाही. सगळं अमेरिका खंडातून आलेलं, बरंचसं पोर्तुगिजांच्या जहाजांतून. पेरूने तर आपल्या देशाचं नावच कपाळावर लावून घेतलंय. काजू, अननस, पपई, सीताफळ, सगळी याच गलबतातली मंडळी. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज आणि हापूस हेही आल्फान्सोचं घरगुती रूप. काकूंचा उपवास आणि माझ्या इफ्तारच्या ताटातली अननसाची फोड, दोन्ही विनापरवाना आलेल्या मालावर चाललेलं आहे.

माणूस आपलं फळ बरोबर नेतो तो केवळ पोटासाठी नेत नाही, हेही खरंच. बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. हिंदुस्तान जिंकला, पण इथे मनासारखी खरबुजं नाहीत म्हणून तो हळहळत राहिला. एकदा काबूलकडून आलेलं खरबूज कापलं आणि खाता खाता रडला. मग त्याने आग्र्याच्या बागेत खरबुजं आणि द्राक्षं लावून घेतली. बादशहा होता, त्याला रकाना कोण भरायला लावणार! आपल्यासारख्याने काय करायचं?

आमच्या आपाने जे केलं ते सांगतो. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. अम्मा गेल्यावर मागे परसात तिच्या हातचा कढीपत्ता राहिला. अम्माच्या हातचं म्हणावं असं दुसरं काही उरलं नव्हतं. भांडी वाटली गेली, साड्या वाटल्या गेल्या. कढीपत्त्याच्या मुळाशी फुटवे येतात, तुम्हाला ठाऊक असेल. आपाची मुलगी कॅलिफोर्नियात. २०१६ मध्ये आपा तिच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा तिने एक वीतभर फुटवा मुळं धुऊन, ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेला. नातीच्या अंगणात पणजीचं झाड लावायचं, एवढाच तिचा हिशेब. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक लहानसा, लांब कानांचा कुत्रा हिंडत होता. तो तिच्या बॅगेशी आला आणि शांतपणे खाली बसला. भुंकला नाही, काही नाही. या बीगल जातीच्या कुत्र्यांना बसायलाच शिकवलेलं असतं. लॉस एंजलिसला १९८४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. फुटवा गेला, वर दंड भरला. आपाने फोनवर मला विचारलं, "अरे, पाल्याला काय भितात हे लोक? एवढा मोठा देश!"

मी शोधलं तेव्हा उत्तर मिळालं, आणि ते आपल्या नागपुरी संत्र्याच्या गावातलंच निघालं. संत्र्या-मोसंबीच्या बागाईतदारांना सायला हा किडा चांगला ठाऊक आहे. कोवळ्या पालवीवर बसून रस शोषतो. तो ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. या रोगात पानं चट्ट्यापट्ट्यांनी पिवळी पडतात, फळ लहान, वाकडं राहतं, बुडाशी हिरवंच राहतं, चवीला कडवट होतं आणि झाड हळूहळू मरतं. औषध नाही. आणि कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाचाच भाऊबंद! सायलाला त्याची कोवळी पालवी फार प्रिय. म्हणजे फडक्यातल्या त्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात, मोहरीहून बारीक अंडी असू शकतात.

फ्लोरिडात हा किडा १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४च्या हंगामात त्या राज्याने सुमारे चोवीस कोटी पेट्या संत्री काढली होती. २०२३-२४ मध्ये आकडा दोन कोटींच्याही खाली आला. वादळांनीही हात धुऊन घेतले, पण मुख्य घाव या रोगाचा. वीस वर्षांत एक अख्खा धंदा बसला. कॅलिफोर्नियात रोगाचं पहिलं झाड २०१२ मध्ये सापडलं, तेही कुठल्या मोठ्या बागेत नव्हे. लॉस एंजलिसजवळ हॅसिएंडा हाइट्स नावाच्या वस्तीत, एका घराच्या अंगणात, अनेक कलमं बांधलेलं लिंबाच्या जातीचं झाड होतं ते. हे वाचलं आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. ते झाड कुणी लावलं, का लावलं, मला माहीत नाही. पण अंगणात कोण झाड लावतं आणि त्याच्यावर हौसेने कलमं कोण बांधतं? आपासारखंच कुणीतरी.

आपाला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मी मुळं धुतली होती." भाचीने पुढे तिथल्याच रोपवाटिकेतून तपासलेलं, दाखला असलेलं कढीपत्त्याचं रोप आणलं. तशी रोपं तिकडे विकत मिळतात. फोडणीत ते आमच्या परसातल्यासारखंच तडतडतं म्हणे. आपा मात्र अजून त्याला 'दुकानातला' म्हणते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको लेकीकडे ऑकलंडला गेलो. न्यूझीलंड या बाबतीत सगळ्यांत कडक. २००५ मध्ये हिलरी स्वँक या ऑस्करवाल्या अभिनेत्रीला एक सफरचंद आणि एक संत्र न सांगता आणल्याबद्दल तिथे दोनशे डॉलर दंड झाला होता. आता तोच दंड चारशे आहे. आधी लेकीने फोनवरून तंबी दिलेली, "अब्बा, जे काही झाडाचं, बियाचं, लाकडाचं, ते सगळं लिहा. लिहिलं तर दंड नाही. फार तर वस्तू जाईल." हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा, कारण दंड वस्तूचा नसतो, न सांगण्याचा असतो. माझी बायको बँकेतल्या माझ्या वरिष्ठांहून काटेकोर. तिने खजूर लिहिला, मेथीदाणे लिहिले, माझी लाकडी मण्यांची तसबीह लिहिली आणि मिसवाकही लिहिला. मिसवाक म्हणजे आमचं दातवण, पीलूच्या झाडाची काडी. एका भल्या माणसाने मदिनेहून आणून दिलेला. काडी झाली तरी झाडच ते.

रांगेत आमच्या पुढे साताऱ्याकडचं एक जोडपं होतं, मुलाच्या वास्तुशांतीला निघालेलं. त्यांच्या पिशवीतून सुपाऱ्या, हळकुंडं, सुका नारळ, तुळशीची माळ आणि आंब्याची एक डहाळी निघाली. त्यांच्यामागे एक चिनी आजोबा वाळवलेली मुळं आणि साली घेऊन उभे. पोलादी टेबलावर सगळ्यांचा देव-धर्म आणि दवापाणी शेजारी शेजारी मांडलेलं. तपासणारी मुलगी तिशीच्या आतली. तिने तसबीहीचे मणी दिव्याखाली एकेक करून फिरवले, लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं भोक कुठे दिसतं का ते पाहायला. तिचं बोट ज्या गतीने मण्यावरून मण्यावर जात होतं, ती मला फार ओळखीची वाटली. मग तिने मिसवाक वासापर्यंत नेला, काय ते विचारलं, मी दात घासायची खूण केली. हसली आणि परत दिला. खजूर सुटला. मेथी तिने बराच वेळ बघितली, पेरायची की खायची विचारलं आणि सोडली. साताऱ्याच्या काकांची आंब्याची डहाळी मात्र गेली. काका म्हणाले, "अहो पण दाराला काय लावू?" त्या मुलीला शब्द कळले नसावेत, भाव कळला. ती दोनदा 'सॉरी' म्हणाली. आम्ही बाहेर पडल्यावर काकांना मी सुचवलं की तोरण कागदाचंही होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही बोललो नाही.

लेकीच्या घराजवळ ग्रे लिन नावाचा भाग आहे. तिथे २०१५ मध्ये एका सापळ्यात क्वीन्सलँड फळमाशी सापडली. दीड किलोमीटरच्या पट्ट्यातून घरचं फळ बाहेर न्यायला बंदी झाली, झाडांखालची फळं उचलायला माणसं आली, परसापरसांत सापळे लागले. डिसेंबरात माशी संपली असं जाहीर झालं, तोवर हे चाललं. आपल्याकडे रक्षक सापळ्यात रोज पसाभर माश्या पडतात आणि आपण डबा रिकामा करून पुन्हा टांगतो.

युरोपने २०१९च्या डिसेंबरपासून प्रवाशांच्या पिशवीतल्या झाडपाल्यालाही दाखला सक्तीचा केला आणि फक्त पाच फळं मोकळी ठेवली : अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. ड्युरियन सोडा, आपण खात नाही. उरलेल्यांत पूजा आणि रोजा दोन्हींची सोय झाली की.

पण श्रोतेहो, सगळंच इतकं सरळ आहे असं म्हणून मी उठणार नाही. कारण या नियमांचा दुसरा टोक आमच्या बागांतून जातो. १९८९ पासून अमेरिकेचं दार भारतीय आंब्याला बंद होतं. ते २००७च्या एप्रिलमध्ये उघडलं. त्यासाठी हापूस आधी रत्नागिरीहून लासलगावला जाऊ लागला. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्यासाठी उभारलेलं विकिरण केंद्र होतं. ठरावीक मात्रेचे गॅमा किरण दिले की कोयीतला भुंगा मरतोच असं नाही, पण त्याचा वंश पुढे वाढत नाही, म्हणजे अमेरिकेचं काम झालं. आता वाशीलाही सोय आहे. २०२० मध्ये करोनामुळे त्यांचे तपासनीस येऊ शकले नाहीत, तर निर्यात बंद. २०२२ मध्ये पुन्हा सुरू. युरोपने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, आंबा बंद केला आणि सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळूही. लेस्टरच्या दुकानदारांनी आरडाओरडा केला. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली. २०२५च्या मे महिन्यात तर वाशीत किरण देऊन अमेरिकेला गेलेला आंबा कागदपत्रांतल्या गफलतीवरून तिथेच अडवला गेला आणि तो नष्ट करायची पाळी आली. आंब्यात दोष नव्हता, कागदात होता.

अशा वेळी बागाईतदार म्हणतो, हे सगळं त्यांचा बाजार राखायला चाललंय. कधी कधी त्याचं खरंही असेल. ताकदवान देश दार किती किलकिलं करायचं ते स्वतःच्या सोयीने ठरवतात, आणि लहान माणसाला अठरा वर्षं वाट बघायला लावतात. पण २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या दोनशे सात खोक्यांत-गाठोड्यांत कीड सापडली होती, ही गोष्ट काही कुणी मनातून काढलेली नाही. बंदीनंतर आपल्याकडे गरम पाण्याची प्रक्रिया नीट सुरू झाली, अठ्ठेचाळीस अंशाच्या पाण्यात तासभर. ती आधी का नीट होत नव्हती, असं आपल्या अधिकाऱ्यांना विचारणारे बागाईतदार मला कमीच भेटले. मला विचाराल तर तपासणीवर माझा राग नाही. राग आहे तो, आपल्याकडे येणाऱ्या मालाच्या तपासणीत आपण इतके कडक का नाही, याचा. मुंबईत उतरताना कोणी माझी मेथी दिव्याखाली धरल्याचं मला आठवत नाही.

मातीविषयी बोलायचं राहिलं. मातीविषयी आम्ही कवी फार बोलतो. मातीचा गंध, मातीची ओढ, मूठभर माती. त्या मुठीत सूत्रकृमी असतात, बुरश्या असतात, फळमाशीचे कोष असतात, पन्नास तणांच्या बिया असतात, म्हणून जवळपास प्रत्येक देशाला तिची धास्ती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बुटाच्या तळाला चिकटलेला चिखलसुद्धा खरवडून घेतात.

माझे थोरले चाचा पन्नासच्या दशकात 'करंजा' बोटीने मोंबासाला गेले. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी हापूसच्या दहा-बारा कोयी नेल्या. त्या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही. दोन रुजल्या, एक झाड झालं. फळं लागली ती आंबट आणि रेषाळ. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, त्याला कलमच बांधावं लागतं, हे बागेत वाढलेल्या चाचांना ठाऊक नसेल असं नाही. तरी त्यांनी ते झाड तोडलं नाही. कोयीतला भुंगा तिकडेही आहे. तो कुठल्या ट्रंकेतून उतरला, कोण सांगणार?

गेल्या वर्षी चाचा आजारी पडले. त्यांची एकच मागणी होती : गावच्या कबरस्तानातली, त्यांच्या वालिदांच्या कबरीशेजारची माती आणा, माझ्यावर तीन मुठी घालताना तीही घाला. त्यांचा मुलगा त्यासाठी आला. आम्ही दोघं मगरीबच्या आधी कबरस्तानात गेलो. त्याने विचारलं, "भाई, किती नेता येईल?" मी म्हटलं, "नेताच येणार नाही. केनियात मातीला मनाई आहे." त्याने वाद घातला नाही. तिकडे त्याची स्वतःची थोडी आंब्याची झाडं आहेत, सात वर्षं त्यानेही काढलीत. आम्ही फातिहा पढलो, त्याने रुमाल पसरून पुन्हा घडी घालून खिशात ठेवला आणि पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला. चाचा त्यानंतर दीड महिन्याने गेले. त्यांच्या कबरीवर मोंबासाचीच माती पडली. तिकडचीही लालसर असते, तो फोनवर सांगत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)